रिस्टोर केलेल्या गाडीच्या उरलेल्या बारीक तक्रारी : सुटे भाग घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठच्या दशकातली कार्ब्युरेटरवाली सलून गाडी. इंजिन उघडून नव्याने बांधलं, वायरिंग नवं टाकलं, ब्रेक आणि सस्पेन्शनचं सगळं रबर बदललं, बॉडीला पूर्ण रंग दिला. गाडी चार-पाचशे किलोमीटर चालली. तरी इंडिकेटर मनाला येईल तसे लुकलुकतात, पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा दोन्ही जास्त दाखवतात, गरम इंजिन बंद केलं की पुन्हा पटकन सुरू होत नाही, खाली तेलाचे थेंब पडतात, थोडं अंतर गेल्यावर ब्रेक धरून राहतात, ताशी ७०-८० किलोमीटरला थरथर येते आणि पावसात पायाखालचं कार्पेट भिजतं. तर यातलं काय काय बदलायचं?

सध्या काहीच विकत आणू नका. या यादीतले बहुतेक दोष रिस्टोरेशनच्या कामातूनच आलेले असतात. रंगाने अर्थिंग तोडलेलं असतं, गॅस्केट दबून बोल्ट सैल झालेले असतात, डिस्ट्रिब्युटरमधल्या नव्या पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क) टाच झिजलेली असते, रबर अजून बसलेलं नसतं आणि बाजारातून आणलेला एखादा ‘नवा’ भाग मूळ मापाचा नसतो. रोज चालणाऱ्या जुन्या गाडीत सहसा एका वेळी एकच गोष्ट बिघडते. इथे सगळंच एकदम उघडलं गेलं आहे, त्यामुळे एकाच तक्रारीच्या मागे तीन कारणं असू शकतात. म्हणून आधी मोजायचं, मग हात लावायचा, आणि एका वेळी एकच बदल करून गाडी चालवून बघायची. काय बदललं ते वहीत लिहून ठेवा. आणि काढलेले मूळ भाग टाकून दिले नसतील तर जपून ठेवा. जुना रोटर, जुना कंडेन्सर किंवा टाकीतला जुना फ्लोट पुष्कळदा आजच्या नव्या भागापेक्षा भरवशाचा निघतो.

सुरुवात अर्थिंगपासून करा, कारण अर्धी यादी तिथेच निकाली निघते. या गाड्यांत दिव्याकडे एकच वायर जाते आणि परतीचा प्रवाह बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे येतो. पत्र्यावर प्रायमर, रंग आणि लॅकरचे थर चढले, ब्रॅकेटला पावडर कोटिंग झालं, की तो रस्ता बंद होतो आणि मग प्रवाह स्क्रूच्या दोन-चार आट्यांतून कसाबसा जातो. ओहम मोजून हे कळत नाही. वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर शून्य ओहमच दाखवतो. प्रवाह चालू असताना व्होल्टेज किती पडतं ते मोजावं लागतं.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अर्थिंगकडच्या शिशाच्या खांबावर धरा, क्लॅम्पवर नको. दुसरं टोक दिव्याच्या होल्डरच्या धातूवर. आता दिवा लावा. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. मग टोकं एकेक जोड मागे सरकवत न्या. जिथे आकडा एकदम घसरतो, दोष त्या जोडात. त्या जागेचा रंग वॉशरच्या मापाएवढाच खरवडून चकचकीत धातू काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा म्हणजे गंज चढणार नाही.

हीच चाचणी इंजिनासाठीही करा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे इंजिन किंवा गिअरबॉक्स ते बॉडी अशी जाड विणलेली पट्टी लागते. नव्याने बांधताना सर्वांत जास्त वेळा विसरला जाणारा भाग हाच. पट्टी नसली की सेल्फचा शेकडो अँपियरचा प्रवाह चोकच्या, अ‍ॅक्सिलरेटरच्या नाहीतर स्पीडोमीटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल गरम लागत असेल किंवा चोक ओढताना अडकत असेल तर कारण हेच. तपासताना इग्निशन कॉइलची (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) लो-टेन्शन, म्हणजे बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मग सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा खांब यांच्यामधलं व्होल्टेज बघा. ०.३ व्होल्टच्या वर जाता कामा नये. गरम झाल्यावर सेल्फ ‘ओढत’ फिरतो अशी तक्रार असेल तर सेल्फ उघडण्याआधी हा आकडा बघा, आणि दुसऱ्या बाजूचाही, म्हणजे बॅटरीच्या दुसऱ्या खांबापासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंतचा.

अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. रिस्टोर करताना ती निगेटिव्ह अर्थिंगवर आणली असेल तर कॉइलच्या दोन लो-टेन्शन वायर अदलाबदल झाल्या आहेत का ते बघा. त्या तशाच राहिल्या तर ठिणगी पडते, पण प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाकडून उडण्याऐवजी उलट दिशेने उडते. तिला जास्त व्होल्टेज लागतं आणि चढावर इंजिन चुकायला लागतं. डायनॅमो असेल तर त्याच्या फील्डची ध्रुवताही नव्याने द्यावी लागते. आणि हो, आळशी वेगावर (आयडलिंगला) चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटणं ही डायनॅमोच्या गाडीत तक्रार नाही. वेग वाढवल्यावर तो विझला पाहिजे एवढंच.

आता काटे. दोन्ही एकदम जास्त दाखवत असतील तर पेट्रोलचा फ्लोट आणि तापमानाचा सेन्सर एकाच दिवशी बिघडले असं समजायचं कारण नाही. दोघांत सामाईक काय ते बघा. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत, विशेषतः स्मिथ्सचे सावकाश चढणारे मीटर असतील तर, डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीहून लहान डबी असते : व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्या आत तापणारी पट्टी बॅटरीचा प्रवाह सारखा जोडते-तोडते आणि मीटरना सरासरी १० व्होल्ट देते. ही पट्टी तापण्यासाठी डबीला अर्थिंग लागतं. डबी रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने बसवली, अर्थिंग गेलं, की पट्टी तापत नाही, संपर्क जोडलेलाच राहतो आणि मीटरना पूर्ण १२ ते १४ व्होल्ट मिळतात. म्हणून दोन्ही काटे वर. काट्याच्या मल्टिमीटरवर स्टॅबिलायझरच्या आउटपुटला सुई उडत असेल तर डबी चालू आहे. स्थिर १२ दिसले तर आधी अर्थिंग साफ करा, मगच डबीवर संशय घ्या. डबी कोणत्या दिशेने उभी बसवायची हेही ठरलेलं असतं. आडवी बसवली तर आकडा बदलतो.

दोनपैकी एकच काटा चुकत असेल तर त्याचा सेंडर, म्हणजे मीटरला माप पाठवणारा भाग, बघा. या प्रकारच्या मीटरमध्ये टाकीवरच्या सेंडरची वायर काढली की काटा रिकाम्यावर येतो आणि ती वायर क्षणभर बॉडीला टेकवली की पूर्णाकडे चढतो. तसं झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. (वायर टेकवून धरून ठेवू नका, मीटर जळतो. आणि उघड्या टाकीजवळ ठिणगी नको, त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत आणि टाकी बंद ठेवूनच.) नव्याने रंगवलेली टाकी रबरी पट्ट्यांवर बसते, मग तिला अर्थिंग मिळणार कुठून? सेंडरच्या एका स्क्रूखालून चॅसीपर्यंत वेगळी वायर ओढा. तापमानाच्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे गुंडाळले असतील तर तिथेही हाच प्रकार.

इंडिकेटरचा जुना थर्मल फ्लॅशर ठरावीक प्रवाहावर चालतो. एका बाजूला २१ वॅटचे दोन बल्ब, म्हणजे साधारण साडेतीन अँपियर. अर्थिंग खराब असलं की प्रवाह कमी होतो आणि फ्लॅशर मंदावतो किंवा बल्ब नुसते पेटून राहतात. एलईडी बसवले असतील तर थर्मल फ्लॅशर चालणारच नाही. त्यासाठी भाराशी संबंध नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो आणि तो घेताना अर्थिंगची बाजू बघावी लागते. इंडिकेटर लावला की शेजारची टेललाइट पण मंद लुकलुकते, हे लक्षण दिसलं तर बाकी काही बघू नका. त्या पूर्ण दिव्याचं अर्थिंग तुटलेलं आहे आणि प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून परत येतोय.

हेडलाइट पिवळट पडत असतील तर बल्बच्या दोन पायांमधलं व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज यांतला फरक मोजा. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के घटतो. जुन्या स्विचमधून सगळा प्रवाह नेण्यापेक्षा दोन रिले बसवणं हा मला पटणारा बदल आहे. गाडीच्या मूळ रूपाला धक्का लागत नाही आणि स्विच वाचतो.

गरम इंजिन सुरू न होण्याकडे येऊ. इथे बहुतेक जण थेट कार्ब्युरेटर उघडतात. तो शेवटी उघडायचा. आधी गरम अवस्थेत, इंजिन सुरू होत नसतानाच, ठिणगी बघा. थंड इंजिनाची ठिणगी काहीच सांगत नाही.

ठिणगी पिवळी, बारीक किंवा गायब असेल तर डिस्ट्रिब्युटरकडे वळा. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झिजते आणि फट कमी होते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं, इंजिन जास्त तापतं आणि पिकअप जातो. चार सिलेंडरच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट लागते, तरी तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, नाहीतर टाच पुन्हा झिजेल. फट लावल्यावर टायमिंग स्ट्रोब लाइटने पुन्हा लावा. क्रम उलटा केला तर दोन्ही चुकतं, कारण फट बदलली की टायमिंग आपोआप सरकतं. मग कॉइल. थेट १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॉइलचा प्राथमिक रोध ३ ओहमच्या आसपास असतो आणि बॅलास्ट रोधकाबरोबर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा वेगळा रोध) चालणारीचा १.५ ओहमच्या आसपास. नवं वायरिंग टाकताना बॅलास्ट गाळला आणि कॉइल मात्र १.५ ओहमची राहिली तर दुप्पट प्रवाह वाहतो, पॉइंट काळे पडतात, कॉइल हाताला पोळते आणि गरम झाल्यावर ठिणगी देत नाही. उलट, वायरिंगमध्ये रोध असताना ३ ओहमची कॉइल बसवली तर ठिणगी सुरुवातीपासूनच अशक्त. नवा कंडेन्सर आणि नवा रोटर यांच्यावरही मी सहज विश्वास ठेवत नाही. हलक्या रोटरमध्ये पितळी पट्टीच्या रिव्हेटमधून ठिणगी खालच्या शाफ्टला उडते, आणि तीही गरम झाल्यावरच. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की सगळं सुटेल हा सल्ला सर्रास दिला जातो. शाफ्टचं बुश झिजलेलं असेल किंवा अर्थिंग वाईट असेल तर त्यानेही सुटत नाही, फक्त दोष शोधणं अवघड होतं.

ठिणगी निळी आणि दमदार असेल तर प्रश्न पेट्रोलचा. इंजिन बंद केल्यावर पाणी आणि हवा फिरणं थांबतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची उष्णता कार्ब्युरेटरमध्ये चढते आणि फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत) उतरतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून (पंप न करता) सेल्फ मारल्यावर इंजिन खोकत सुरू झालं तर ते पेट्रोलने भरलेलं होतं. बराच वेळ सेल्फ मारावा लागत असेल तर उलट वाटी सुकलेली होती. दोन्हींवर उपाय उष्णता अडवणं : कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर ब्लॉक आणि पत्र्याची ढाल मूळ गाडीत होती का ते बघा. पॅकिंग बदलताना ब्लॉकच्या जागी नुसती कागदी गॅस्केट बसवलेली असू शकते. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून आणि रेडिएटरच्या होजपासून दूर न्या. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा हलका अंश लवकर उडतो, त्यामुळे जुन्या काळी न जाणवलेली ही तक्रार आता जाणवते. त्याच पेट्रोलने जुन्या पद्धतीचं रबर मऊ पडतं, म्हणून होज इथेनॉल सोसणारेच हवेत, ‘आर-९’ असा शिक्का पाहून घ्या.

इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर त्याचा दाब मोजा. एसयू प्रकारच्या कार्ब्युरेटरला दीड ते तीन पीएसआय पुरतात. बाजारातले काही पंप पाच-सहा देतात आणि मग वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह कितीही नवा असला तरी पेट्रोल वाहून जातं. वेगात जाताना इंजिन हळूहळू मरतं आणि थांबून काही मिनिटांनी पुन्हा नीट चालतं, असं होत असेल तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर झाकणाचं श्वासछिद्र बंद आहे किंवा चुकीचं, बिनछिद्राचं झाकण आणलं आहे.

आळशी वेग स्थिर राहत नसेल तर इंजिन इनटेक मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा घेतंय का ते बघा. नवी गॅस्केट पहिल्या काही तापण्या-थंड होण्यात दबते आणि नट सैल होतात. व्हॅक्यूम गेज लावा. निरोगी इंजिन समुद्रसपाटीजवळ आळशी वेगावर १७ ते २१ इंच पारा स्थिर दाखवतं. उंचीवर हा आकडा कमी येतो.

तापमानाबद्दल एवढंच की आधी काटा खरं बोलतोय का ते इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरावर मोजा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो कमी आकडा देतो, म्हणून काळ्या मॅट टेपचा तुकडा लावून त्यावर धरा. खरंच तापत असेल तर क्रमाने : मागे पडलेलं टायमिंग, हीटरमध्ये अडकलेली हवा (हीटरचा व्हॉल्व्ह उघडून, पुढची बाजू उंच करून पाणी भरा), चुकीच्या दाबाचं रेडिएटरचं झाकण, आणि उलटा बसलेला पंखा. उलटा पंखा हवा त्याच दिशेने ढकलतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण पात्यांचा बाक उलट झाल्याने हवा कमी खेचतो.

तेलाच्या थेंबांसाठी आधी सगळं इंजिन खालून धुऊन पुसून कोरडं करा, संशयित जागी टाल्कम पावडर फवारा आणि दहा किलोमीटर चालवा. तेल वरून खाली आणि पुढून मागे वाहतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथून गळत नसतं. पावडरीवर उमटलेली सर्वांत वरची ओली रेघ हे उगमस्थान. एकदम चार ठिकाणांहून गळत असेल तर चार सील बदलू नका, क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट, तपासा. तो रंगाने किंवा गाळाने बंद झाला की आतला दाब तेल प्रत्येक फटीतून बाहेर काढतो. मागच्या अ‍ॅक्सलचंही तसंच. डिफरन्शियलच्या घरावरचा छोटा ब्रीदर रंगात बुजला की तेल अ‍ॅक्सलच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं.

रॉकर कव्हरची कॉर्क गॅस्केट गळते म्हणून नट अजून आवळणं हा सर्वांत मोठा गैरसमज. त्याने पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. कव्हर काढून कड सपाट पृष्ठभागावर ठेवून बघा, बोल्टच्या भोकांजवळ वर आलेली असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून सपाट करा. सिलिकॉन सीलंट भरून लावू नका. आतल्या बाजूला निघालेल्या त्याच्या शेवया तुटून तेलपंपाच्या जाळीत जाऊन बसतात. तांब्याचे वॉशर पुन्हा वापरायचे तर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करा म्हणजे ते मऊ होतात. आणि एक लक्षात असू द्या : मागच्या बाजूला सीलऐवजी फिरत्या शाफ्टवर तेल परतवणारे आटे असलेल्या इंजिनांतून उभं राहिल्यावर एखादा थेंब पडणारच. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका.

याच टप्प्यावर हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क करायचे असतात, तुमच्या गॅस्केटसोबतच्या सूचनेत त्याची गरज नाही असं म्हटलं नसेल तर. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅन्युअलमधल्या क्रमाने. एक बोल्ट पाव फेरा सोडायचा, ठरलेल्या टॉर्कला आवळायचा, मग पुढचा. सगळे एकदम सोडायचे नाहीत. हेड किंचित खाली बसतं, त्यामुळे पुशरॉडच्या इंजिनात टॅपेटची फट कमी होते. ती त्यानंतर लगेच लावली नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीत आणि जळतात.

ब्रेक धरून राहण्याची तक्रार यादीत खाली असली तरी रस्त्यावर जाण्याआधी ती सोडवा. थंड असताना चाकं मोकळी, दहा-पंधरा किलोमीटरनंतर जड आणि पेडल कडक, असं होत असेल तर मास्टर सिलेंडरच्या पुशरॉडला खेळ आहे का ते बघा. पेडल सुटल्यावर पिस्टन पूर्ण मागे येऊन एक अगदी बारीक छिद्र उघडावं लागतं. गरम होऊन फुगलेलं ब्रेक ऑइल त्यातून टाकीत परत जातं. नवा मास्टर सिलेंडर बसवताना पुशरॉड थोडा लांब राहिला की ते छिद्र झाकलेलंच राहतं आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबल्यावर लाइनमधला दाब वाढत जातो. पुशरॉडला साधारण एक मिलिमीटर मोकळा खेळ हवा. ब्रेकलाइटचा स्विच किंवा पेडलखालचं जाड कार्पेट पेडलला पूर्ण वर येऊ देत नसेल तरी हेच होतं.

एकच चाक धरत असेल तर ते जॅकवर घ्या आणि चाक अडकलेलं असतानाच ब्लीड निपल उघडा. चाक सुटलं तर दाब अडकून होता. आता निपल बंद करून ब्रेक दाबा, पुन्हा अडकू द्या आणि या वेळी रबरी होजच्या आधीचा धातूच्या पाइपचा जोड सैल करा. तिथे सोडूनही चाक सुटलं नाही तर होज आतून सुजली आहे : ती तेल जाऊ देते, परत येऊ देत नाही. बाहेरून ती अगदी नवी दिसते. आणि निपल उघडूनही चाक सुटलं नाही तर दोष यांत्रिक आहे, पिस्टन अडकलाय किंवा हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली आहे. केबल नेहमी शू अ‍ॅडजस्ट केल्यानंतरच ताणायची.

ड्रम ब्रेकमध्ये पेडल खोल जात असेल आणि एअर काढून झालेली असेल तर नवे लाइनर ड्रमशी जुळलेले नाहीत. झिजलेल्या ड्रमची गोलाई नव्या शूपेक्षा मोठी असते, त्यामुळे लाइनर फक्त मध्यभागी टेकतो. लाइनरवर खडू फासून चाक फिरवा, कुठे पुसला गेला ते दिसेल. थोड्या दिवसांत तो बसतो. तोपर्यंत दर दोन-तीनशे किलोमीटरला अ‍ॅडजस्टर चाक अडेपर्यंत आवळायचा, पेडल जोरात दाबून शू मध्यावर आणायचे, पुन्हा आवळायचा आणि चाक मोकळं होईपर्यंतच सोडायचा. सिलिकॉनचं डॉट ५ आणि नेहमीचं डॉट ४ एकत्र करू नका.

थरथर. आधी ती कशाशी बांधलेली आहे ते शोधा. त्याच वेगात गाडी न्यूट्रल करा. थरथर थांबली तर इंजिनाकडे बघा, तशीच राहिली तर चाकं किंवा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा). पुढची चाकं मागे टाका. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर चाक-टायर दोषी. काहीच बदललं नाही तर प्रॉपेलर शाफ्टचे दोन्ही टोकांचे काटे (योक) एका रेषेत आहेत का ते बघा. सरकता जोड काढून पुन्हा घालताना तो चुकीच्या खाचेत बसला की सांध्यांचे नवे क्रॉस असूनही शाफ्ट थरथरतो. टायर छान दिसत असले तरी त्यांच्या बाजूवरचा चार अंकी शिक्का वाचा : पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर चपटा पडलेला असतो आणि बॅलन्सिंगने गोल होत नाही.

पुढची बाजू मूळपेक्षा उंच वाटते, गाडी कडक चालते आणि नवे बुश काही महिन्यांत फाटतात, या तिन्हींचं कारण बहुधा एकच. बुशचे बोल्ट गाडी स्टँडवर असताना, चाकं लोंबकळत असताना आवळले गेले. रबरी बुश आवळताना ज्या कोनात असतो तीच त्याची विश्रांतीची जागा होते. चाकं जमिनीवर येताच तो सतत पिळलेला राहतो. सगळे बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, चारही कोपरे दाबून हलवा आणि गाडी स्वतःच्या वजनावर असतानाच शेवटचा टॉर्क द्या. अलाइनमेंट त्यानंतर. मॅन्युअलमधला टो-इन (पुढची चाकं समोर किती आत वळलेली हवीत ते माप) बहुतेक वेळा क्रॉसप्लाय टायरसाठी असतो, रेडियल टायरना त्याहून थोडा कमी लागतो. स्टिअरिंग बॉक्सचा खेळ काढायचा असेल तर चाकं सरळ असतानाच, कारण झीज मधोमध होते. मध्यावर शून्य खेळ ठेवला तरी टोकाला जाताना जड होता कामा नये. जड होत असेल तर बॉक्स झिजलाय, स्क्रूने भरून निघणार नाही.

भिजलेलं कार्पेट. आधी ओल चाटू नका, हाताने चोळा. चिकट लागली आणि गोडसर वास आला तर ते पावसाचं पाणी नाही, हीटरमधलं कूलंट आहे. पावसाचं असेल तर पाइपने पाणी खालून वर सोडत या. पाच मिनिटं दाराच्या खालच्या कडेवर, मग बिजागरांवर, मग काचेच्या खालच्या रबरावर, आणि दुसरा माणूस आत टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. दाराच्या तळाची आणि बॉनेटमागच्या खाचेची पाणी जाणारी भोकं रंगाने किंवा वॅक्सने बुजली आहेत का ते आधी तारेने मोकळी करून बघा. पुढच्या काचेचं रबर नुसतं बसवून चालत नाही. काच आणि रबर, तसंच रबर आणि पत्रा, या दोन्ही खाचांत न सुकणारी मॅस्टिक भरावी लागते. दाराच्या बीडिंगमध्ये कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तिथे फट. दार जोरात आपटावं लागतं म्हणून कुलपाची पट्टी लगेच घासू नका. नवं बीडिंग जाड असतं, दारं बंद ठेवून गाडी उन्हात काही दिवस उभी राहिली की ते दबतं. आणि दारांच्या फटी कायम गाडी चाकांवर असतानाच जुळवा, स्टँडवर बॉडी थोडी वाकलेली असते.

स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर केबल कुठे फार घट्ट वळली आहे का ते बघा. १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण तिला चालत नाही. आतली तार काढून पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचा वरचा १५-२० सेंटिमीटर भाग कोरडा ठेवा. तार फिरताना ग्रीस वर चढतं आणि मीटरच्या आत गेलं की काटा चिकटतो.